गॅप सर्टिफिकेट

देवगड तहसीलसमोर, निळ्या ताडपत्रीखाली
टायपिस्ट विचारतो, गॅप किती?
दोन वर्षं.
तो मान न उचलता बडवत जातो:
"सदर काळात मी कुठेही प्रवेश घेतलेला नाही
व कोणतेही गैरकृत्य केलेले नाही."

खरंय.
त्याआधीचं तो विचारत नाही.
बी.एस्सी., प्राणिशास्त्र, सहा एटीकेटी.
आईच्या पाटीतली सुरमई मी काळोखात फाडते,
पित्त फुटू न देता,
आणि प्रॅक्टिकलला ट्रेमधल्या माशापुढे
हात नुसते पडून राहिले.
त्या वर्षी उठवतच नव्हतं, एवढंच.
त्याला नाव असतं हे
कणकवलीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. आधी विचारलं,
झोप कशी आहे गं?
तोवर सगळ्यांनी मार्क विचारले होते.

मग बर्फाचा कारखाना. रात्रपाळी.
लाद्या मोजता मोजता हाडांची नावं,
हात सुन्न झाला की मनगटाची आठ
पुन्हा पहिल्यापासून.
पहिल्या खेपेला नीट हुकली. दुसऱ्या खेपेला
आई म्हणाली, "झाला मा?
मगे सुंगटा सोलूक बस."
आणि पाठ फिरवून बराच वेळ
एकच भांडं घासत राहिली.

ओरोसला, खिडकीपलीकडे, कारकून
फाइल चाळतो. दहावी, बारावी, जातीचा दाखला,
प्रतिज्ञापत्र. प्रणिता भालचंद्र कोयंडे, बरोबर?
मग एक कागद वेगळा काढतो,
तारकांनी भरलेला.
"ही लागत नाही. ठेवा तुमच्याकडे."

ठेवली.