रेइनोचा हात

डुलुथ. जानेवारी. पारा उणे सव्वीस.
ड्वेनच्या अंगणात पाच गाड्या,
पाचही वायरींनी भिंतीतल्या प्लगला बांधलेल्या,
इंजिनं गोठू नयेत म्हणून.
दावणीला गुरं असावीत तशा.

आत गॅरेजमध्ये
टेबल टेनिसच्या अर्ध्या टेबलावर हिरवी चादर.
चादर म्हटलेलं ड्वेनला चालत नाही.
वीस डॉलर कॉफीच्या डब्यात टाकायचे नि बसायचं.
दर वीस मिनिटांनी बोली दुप्पट,
ते सांगायला अंडी उकडायचा टायमर, कोंबडीच्या आकाराचा,
मार्लिसच्या सासूचा.
सासू गेली, कोंबडी अजून वेळेवर ओरडते.
लाल चिप्स हरवल्या त्या वर्षीपासून
लाल म्हणजे पाऊण इंची वॉशर.

रेइनोने तीस वर्षं गोदीवर
जहाजांच्या पोटात लोखंडाची माती ओतली.
तेव्हाही तो शुक्रवारी इथंच असायचा.
आणि चांगले पत्ते आले
की त्याची डावी करंगळी थरथरायची.
एवढीशी. दिव्याभोवतीच्या चिलटाएवढी.
मला वाटायचं, हे फक्त मला ठाऊक आहे.
फेंगला वाटायचं, फक्त त्याला.
मार्लिस तर त्या करंगळीच्या जिवावर
दोनदा ख्रिसमसची खरेदी करून आली.
बावीस वर्षं आम्ही चौघं
एकमेकांपासून एकच गुपित लपवत होतो.

या हेमंतात हात सगळाच थरथरू लागला.
कॉफी उचलताना. जॅकेटची चेन लावताना.
सत्ती-दुर्रीवरसुद्धा.
डॉक्टरने दिलेलं नाव त्याने
पत्ते वाटता वाटता सांगून टाकलं,
"फेंग, तुझी पाळी" च्या आधी.
फेंगने बोली वाढवली.
दुसरं काय करणार होता?

आज शेवटी उरलो दोघं, तो आणि मी.
माझ्याकडे दोन राण्या.
टेबलावर किलवरचा एक्का, दोन सत्त्या, बाकी फालतू.
रेइनोने सगळंच पुढे सारलं.
सारताना मनोरा कोसळला,
एक वॉशर घरंगळत फ्रीजरखाली गेला.
कोणी वाकलं नाही.

मी सवयीने हाताकडे पाहिलं.
हात बोलत होता, भराभर,
पण पत्त्यांबद्दल नव्हे.
मग मान वर केली
आणि लक्षात आलं,
इतक्या वर्षांत मी या माणसाचा चेहरा
डाव चालू असताना कधी पाहिलाच नाही.
गरजच पडली नव्हती.
भुवई अर्धी जळालेली. कधी जळाली?
डोळे फिकट निळे, आणि त्यात
ओठ दाबून हसणारं काहीतरी.
एक्का असावा.
किंवा काहीच नसावं, आणि गंमत त्याचीच.

कोंबडी ओरडली.
मी राण्या पालथ्या टाकल्या.

त्याने आपलेही पत्ते पालथेच ढिगात सरकवले.
पैसे भरले नाहीत तर पाहायला मिळत नाही,
नियम आहे.
डबा उचलत म्हणाला,
"कीव बीव नाही ना केलीस?"
"घाबरले," मी म्हणाले.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला.
त्याला तो वाचता आला की नाही, मला कळलं नाही.
मार्लिसने पत्ते गोळा केले, पिसले,
आता विचारायलाही काही उरलं नाही.

ड्वेन बॅटरी घेऊन फ्रीजरखाली आडवा झाला.
वॉशर नाही सापडला, १९९८ सालची एक लाल चिप सापडली.

बाहेर नाकातले केस गोठतात अशी हवा.
रेइनो आपल्या ट्रकपाशी उभा,
वायरीचा प्लग सोडवत,
एकदा, पुन्हा एकदा, मग हातमोजे काढून.
मी माझी वायर गुंडाळत राहिले,
गुंडाळून झाली तेव्हा सोडली,
आणि परत पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.