पाट्या बदला

ग्रिम्सबीला डिसेंबरात चारलाच अंधार पडतो.
केअर होमच्या भांड्यांतून हात सुटले
की घरी येऊन ओट्याच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडायचा.
बेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी.

आमचा प्रकल्प: म्हाताऱ्या माणसांसाठी बसथांबा.
आम्ही चौघं, चार गावांत, पडद्यावरच्या चार चौकोनांत.
रोवेना, तिची मांजर प्रत्येक मीटिंगला हजर.
आयडोवू, मागे बाळ रडतंय तरी आकडे तोंडपाठ.
मी नीलाक्षी. सगळे नीला म्हणतात,
आता विचारलं तर मीही तेच सांगते.
आणि डेन्झिल.
डेन्झिल म्हणजे काळा चौकोन, मधोमध पांढरा डी.
अकरा आठवडे.
एकदाच म्हणाला, कनेक्शन बरं नाही,
तेही टाइप करून.

आता शेवटचा फॉर्म आलाय.
एकमेकांना गुण द्या, शून्य ते पाच.
सहभाग. संवाद. भरवसा.
पुरावा द्या, शंभर शब्दांत.
तुमचं नाव कुणाला कळणार नाही.

हे शेवटचं वाचून मला जरा बरं वाटलं,
आणि बरं वाटलं म्हणून जरा वाईट.

आमच्या शाळेत फॉर्म नव्हता.
दळवी बाई टेबलावर डस्टर आपटायच्या,
पाट्या बदला!
की माझी पाटी हौसाकडे, हौसाची माझ्याकडे.
हातचा धरायला विसरलेली तिची बेरीज
मी बरोब्बर पकडायची,
फुली अशी मारायची की पेन्सिल करकरली पाहिजे,
पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.
आणि हौसा? बाईंची पाठ वळली
की अंगठ्याला थुंकी लावून
माझा सहा पुसायची, आठ लिहायची.
मला दहापैकी दहा, तिला सात.
तिने कधी हिशेब मागितला नाही,
मीही विषय काढला नाही.

डेन्झिल, संवाद: शून्य.
बोट ठेवलं होतं, दाबलं नव्हतं.
पुरावा हवा म्हणून फाइलचा इतिहास उघडला,
कोणी, कधी, काय बदललं.

मंगळवार, पहाटे चार दहा. डेन्झिल.
बाकाची उंची: चाळीस पुसून सेहेचाळीस.
ते चाळीस माझे होते.
कडेला बारीक टीप:
चाळिसावरून आईला उठवावं लागतं,
सेहेचाळिसावरून ती आपली आपण उठते.
घरच्या खुर्चीखाली पुस्तकं रचून पाहिलं.

चार सतरा. मुखपृष्ठ.
कोऱ्हाळेमधला माझा गळलेला एच
जागेवर बसवला होता.
आणखी खाली जायची मला हिंमत झाली नाही,
गेले तरी. सगळा मजकूर असाच,
पहाटेचा, न सांगता.

तरीही.
त्याच्यासाठी रोवेनाने दोनदा मीटिंग पुढे ढकलली,
आयडोवूने त्याच्या वाट्याचं सादरीकरण केलं,
बाळ खांद्यावर घेऊन.
हेही खरंच आहे ना.
दाराबाहेर वारा होता, गोदीकडचा, माशांचा वास घेऊन आलेला.
मी बराच वेळ तशीच बसले.

संवाद: दोन. भरवसा: पाच.
दोन खोटे नव्हते, पाचही खोटे नव्हते.
बेरीज काय ती यंत्राने करावी.
शंभर शब्द मागितले होते. मी लिहिले बारा,
त्यात उंची दोनदा आली.

निकाल आला तेव्हा
मलाही कुणीतरी संवादात तीन दिले होते.
कारण: खूप बोलते, चांगलं बोलते, थांबत नाही.
कोण, ते कळलं नाही. तिघांचेही चेहरे लावून पाहिले,
एकाचा तर माझ्याकडे चेहराच नाही.

आज क्लीथॉर्प रोडच्या थांब्यावर
बस बारा मिनिटं उशिरा होती.
कुणी बघत नाहीसं पाहून
मी बाकाला वीत लावली.
एक.
दुसरी पुरी व्हायच्या आत
बाक संपला.