फ्रिजवरचा कागद

पाकीट करड्या रंगाचं असतं.
केमीच्या न्यायालयातून येतं, बहुधा मंगळवारी,
आणि आत एक लांबलचक आकडा, मधे मधे टिंबं.
टेलिफोन कंपनीत माझं काम एवढंच:
आकड्याला नाव लावणं.
उलटं बारसं म्हणा हवं तर.
आधी करणी, मग नाव.

त्या दिवशीचा आकडा वेनला कोस्केलाच्या फिर्यादीतला.
वय एकोणीस. पोरांच्या आइस हॉकीत पंच.
तिने एका गोलाला नाही म्हटलं
आणि त्या रात्रीपासून 'बर्फलांडगा' नावाचं कुणीतरी
तिला लिहीत राहिलं. दोनशे चौदा वेळा.
तुझा पोहायचा वार गुरुवार.
तुझ्या सायकलीची घंटी निळी.
सगळे मी वाचले नाहीत, वाचायचे नसतात,
पाकिटात तीनच जोडले होते.
पुरले.

न्यायाधीशबाईंनी निळ्या शाईत लिहिलं होतं: नाव द्यावं.
मी आकडा टाकला.
पडदा क्षणभर पांढरा राहिला, खिडकीबाहेरच्या नदीसारखा,
मग उमटलं: तौनो लांट्टो, जिना ब, दुसरा मजला.
माझाच जिना.
मी तिसऱ्यावर.

गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे, सोळा वर्षं जुनी.
म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, उणे बावीसमध्ये,
तौनो माझ्या गाडीची काच खरवडत होता
(माझा खांदा दुखतो, हे त्याला ठाऊक)
तेव्हा मी म्हटलं, आभारी आहे.
दुसरं काय म्हणणार होते?
त्याच्या भुवयांवर बर्फ होतं.
लांडगा कुठेच नव्हता.

सुनावणीत तो म्हणाला,
जोडणी माझ्या नावाची. बोटं कुणाची, ते मला काय माहीत?
घरात चार माणसं. पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला,
पाहुणेसुद्धा वापरतात.
कायदा आमच्या जिन्यापर्यंत आला होता,
पायपुसण्यावर बूट झटकून आतही शिरला होता,
आणि आता फ्रिजसमोर उभा होता
त्या पिवळ्या कागदाकडे बघत.

मग वेनलाच्या वकिलाने एक शब्द वाचून दाखवला.
'गुरुवार'.
लिहिणाऱ्याने दर वेळी त्यातलं एकच अक्षर गाळलेलं.
तौनोची बायको, रैया, बाकावर जराशी हलली.
दहा वर्षं तिने गृहपाठाच्या वह्या तपासल्या होत्या.
हा शब्द, ती म्हणाली, कुणी विचारलं नसताना,
आणि थांबली,
आणि धाकट्याकडे तिने बघितलं नाही.
इतक्या कसोशीने बघितलं नाही
की सगळ्यांनी बघितलं.
एतू. वय सतरा. तो गोल त्याचा होता.

दंड झाला. भरपाई ठरली.
वेनला म्हणे आता शिटी वाजवत नाही,
औषधांच्या दुकानात काम शिकते, सायकल विकली.
आणि माझी काच मी स्वतःच खरवडते,
डाव्या हाताने, वेडीवाकडी.

त्याच आठवड्यात दुसरं पाकीट आलं होतं, ते सांगायचं राहिलं.
कागद गिरणीच्या वकिलांना एक नाव हवं होतं:
रात्री दोननंतर नदीत काय सोडतात,
हे तारीख-वेळेसकट लिहिणाऱ्याचं.
बाई त्याच. शाई तीच निळी.
लिहिलं होतं: देऊ नये.

मी नोंद मोहोरबंद केली.
आकडा टाकून बघितला नाही.
बोट मात्र कळफलकावर बराच वेळ होतं,
कारण माझा भाऊ त्या गिरणीत रात्रपाळीला आहे.

रविवारी तो आला. माशाचं सूप दोनदा घेतलं.
मासा कुठला, असं त्याने विचारलं.
दुकानातला, मी म्हटलं.
मग तो नदीबद्दल काही बोलला नाही,
आणि मी भांडी घासायला घेतली.