दुपारी पावणेदोन

पावणेदोनला हुल्डा हात पुसते, कळ फिरवते.
बॅटरी जपून वापरायची.
सकाळी गुरांचे बाजारभाव, रात्री हवामान,
आणि मध्ये ही पंधरा मिनिटं,
जी नवऱ्याच्या हिशेबात कुठेच नाहीत.

शिकागोत कुठल्याशा सातव्या मजल्यावर
कुणीतरी करवंट्या आपटतो
आणि मार्सेलाचा घोडा येतो.
वाळूत, खडकात, चिखलात, टाप तीच.
हुल्डाला हसू येतं.
हा घोडा कधी फुरफुरत नाही.
त्या रँचवरच्या गाई
साबणाच्या जाहिरातीआधी बरोबर मोकळ्या होतात.
इथे नेब्रास्कात, काल रात्री,
कोपरापर्यंत हात घालून तिनं वासरू फिरवलं, पायाळू होतं.
आता ते चुलीमागे, पोत्यात, थरथरतंय.

पण मार्सेला नऊ दिवस उंबऱ्यात उभी आहे,
हातात बॅग.
दिरानं जमिनीचे कागद लपवलेत,
नवरा बोलत नाही, फक्त ऑर्गन वाजतो.
आज तिनं तोंड उघडलं,
"वॉल्टर, मी ठरवलंय की—"
आणि आवाज बारीक होत होत
बॅटरीत बुडाला.

दोन वाजता फोन. दोन लांब, एक आखूड.
ऑर्फा. तिचा रेडिओ गेल्या हिवाळ्यात विकला गेला.
"काय झालं गं?"
तारेवर खट्, खट्, अजून चार घरं रिसीव्हर उचलतात,
श्वास धरून,
जसं काही कुणाला कळतच नाही.

"गेली," हुल्डा म्हणते.
"गेली?"
"चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. पिठाच्या डब्यातले चौदा डॉलर घेतले.
फाट्यावर बस थांबते ना, गुरुवारी चारची,
तीत बसली."

बराच वेळ तारेत नुसता वारा.
मग कुणीतरी, बहुतेक पलीकडच्या टेकडीवरची म्हातारी टिली,
चोरून ऐकतोय हे विसरून विचारते,
"अंगात काय होतं तिच्या?"
हुल्डाची नजर दारामागच्या खुंटीवर जाते.
"हिरवा कोट. वरचं बटण तुटलेलं."

खट्. खट्. एकेक घर आपापल्या कामाला लागतं.
ऑर्फा मात्र ठेवत नाही.
हिरवा कोट तिनं पाहिलाय,
चर्चमध्ये, सलग सहा वर्षं.
"हुल्डा," हळूच,
"आज वार कोणता?"

चुलीमागे पोतं हलतं.
"बुधवार," हुल्डा म्हणते.
"अजून पीत नाहीये गं हे."