दोन पूर्णांक सहा

नांदेडचा मे. द्रावण आटतं ते घाईघाईनं.
तीनदा नुसती भुकटी हाती आली, नारिंगी,
विटेच्या चुऱ्यासारखी.
चौथ्यांदा सायलूनं बीकर उचलला,
माठाखालच्या ओल्या वाळूत रोवला, म्हणाला,
"मॅडम, आता बघू नगा त्याच्याकडं."

अठरा दिवस बघितलं नाही.

निघाला तो बाजरीच्या दाण्याएवढा.
क्ष-किरणांनी उलगडून दाखवलं :
दहा व्हॅनेडियम, अठ्ठावीस ऑक्सिजन,
आणि लगत तसाच दुसरा पुंजका.
दोघेही ऋण.
खरं तर एकमेकांना ढकलायचं त्यांनी.

पण मधे कुणीतरी आहे.
हायड्रोजन नकाशावर धड उमटत नाही,
होता तो एक इलेक्ट्रॉनही
त्यानं शेजाऱ्याकडे सरकवलेला.
दोन ऑक्सिजनमधलं अंतर
दोन पूर्णांक सहा अँगस्ट्रॉम,
असायला हवं त्याहून कमी.
पुरावा म्हणून एवढंच.

प्रबंधात लिहिलं : बंध आहे.

सायलू माठ भरत होता.
"दिसंना म्हन्ता, मग हाय कशावरून?"
"दोघं जवळ बसलेत, म्हणून."
त्यानं माझ्याकडे पाहिलं जरा वेळ,
मग उरलेलं पाणी वाळूवर ओतलं
आणि पुढचा बीकर मागितला.