उजव्या हाताची चार

निनाद म्हणाला, आई, तिथे आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत.
काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवायची,
मग चष्मा काढून कॅमेऱ्यात बघायचं.
हसायचं नाही.
मी म्हटलं, का रे, नातीला बघायला येतेय,
भांडायला नाही.
तो म्हणाला, आई, मशीन आहे ते.

तेजसच्या झेरॉक्सच्या दुकानात सगळे कागद काढले,
बँकेचे, विम्याचे, निनादच्या घराच्या भाड्याचे,
जायच्या आधीच परतीचं तिकीट.
एकशे ऐंशी दिवसांतले नव्वद, काकी,
वर एक जरी झाला तरी मशीनला कळतं,
तो कॅलेंडरवर पेनाने गोल करत होता.
दिवस मोजायला मला शिकवू नकोस, म्हटलं,
दोन बाळंतपणं झालीत माझी.

व्हिसाच्या ऑफिसातली मुलगी मात्र चांगली होती.
काकू, जरा दाबा.
अजून.
काचेवर नुसता ढग आला.
तिने माझी बोटं तिच्या रुमालाने पुसली,
पुन्हा ढग.
रेषाच नाहीत, असं ती पडद्याला म्हणाली.

होत्या.
थोड्या मिठागरात विरघळल्या, अकराव्या वर्षापासून लग्नापर्यंत,
उरल्या त्या कोलंबी सोलता सोलता
सालीबरोबर टोपलीत गेल्या.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, तिला ठाऊक नव्हतं.
सातव्या वेळी कसंबसं घेतलं तिने,
तिथे सीमेवर पुन्हा तपासतील हं, म्हणाली.

तेव्हापासून रात्री ग्लिसरीन,
वर सदानंदचे कंपनीतले जुने मोजे, हातात.
बॉक्सर झालीस, म्हणतो.
सकाळी शोकेसच्या काचेवर सराव.
महापेच्या गेटवर तीस वर्षं काढलीत त्याने,
टेबलामागे बसतो, आवाज तस्साच:
कुणाकडे आलात? काम काय? किती दिवस?
मी सांगते.
परत जाणार का?
इथे मी दर वेळी अडखळते,
मग म्हणते, नाही गेले तर म्हावरं कोण करेल तुला,
तो म्हणतो, चालणार नाही, नीट उत्तर द्या.

माझ्या आईने एकदाच बोट दिलं होतं.
तळवलीच्या पारावर टेबल मांडून साहेब बसला होता,
निळी शाई, लांबलचक कागद.
घरी येऊन राखेने अंगठा घासत बसली,
चार दिवस निळा गेला नाही.
एक्या आंगठ्यान सवा एकर मावते,
मना ठाव नव्हता, म्हणायची.
मला चौथीपर्यंत तिनेच रेटलं.
सही शिक, आंगठा कोनाला देव नको.
शिकले. द्वारका सदानंद मढवी,
खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

त्या सव्वा एकरात आता सेक्टर आहे.
तेजसचं दुकान बरोब्बर आमच्या बांधावर येतं.
एका पानाचे तीन रुपये घेतो,
माझ्याकडून दोन.

सही कुणीच मागत नाही, निनाद म्हणतो.
तशी एक रेघ आहे माझ्याकडे,
मधल्या बोटावर, मोरलीने कापलेली,
निनाद पोटात होता तेव्हाची.
शोकेसवर तेवढीच स्वच्छ उमटते.
मशीनला ती चालेल का, कोणाला विचारायचं?

काल रात्री सदानंदने माळ्यावरून
गेटवरचं कोरं राहिलेलं रजिस्टर काढलं.
पट्टीने रेघा मारल्या.
नाव माझं, सोबत सामान: बॅगा दोन,
सुका जवळा अर्धा किलो (हा मी खोडायला लावला).
बाहेर: एकवीस तारीख, पहाटे सव्वातीन.
आत, या रकान्यात
पेन टेकवलं,
आणि टोपण लावून ठेवून दिलं.