स्पर्शिका

नोव्हेंबरात या मैदानावर तिघंच उरतो:
एतेल्का, तिचा गुरू वेन्देल,
आणि मी, खड्डे बुजवणारा.

हातोडा म्हणतात त्याला. दांडा नाही, ठोकायचं काही नाही.
चार किलोचा गोळा, तार, एक मूठ,
आणि तीन पावलांत संपणारं सिमेंटचं वर्तुळ.

पहिल्या गिरकीत एतेल्का अजून एतेल्का असते.
दुसरीत वेणी आडवी होते.
तिसरीत चेहरा पुसला जातो,
चौथीत ती मागे रेलते,
हवेत खुर्ची ठेवल्यासारखी.

"हा मला बाहेर ओढतो," पहिल्या वर्षी ती कुरकुरायची.
वेन्देल पूर्वी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा,
खिशात खडू अजून असतोच.
"बाहेर कुणी ओढत नाही, पोरी.
त्याला सरळ जायचंय, एवढंच.
क्षणाक्षणाला तो निघतो,
क्षणाक्षणाला तू वळवतेस.
ओढ तुझी आहे.
वेग दुप्पट, तर ओढ चौपट.
पटत नसेल तर खांद्यांना विचार."

मग वाकून वर्तुळाला त्यानं एक रेघ टेकवली,
एकाच बिंदूला शिवून निघून जाणारी.
नावच शिवण्यावरून पडलंय तिचं.
पावसात ती रेघ गेली. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा काढली.

सोडायचा क्षण पापणीएवढा.
जरा उशीर, की डावीकडची जाळी वाजते.
वेन्देल तरुणपणी नेहमी उशिरा सोडायचा म्हणे;
जाळी तिथं अजून फुगलेली आहे.
गाव त्यानं कधी सोडलं नाही.

एतेल्का मार्चमध्ये ताम्पेरेला चाललीय.
हे मला तिनं सांगितलं, त्याला नाही.
त्याला ठाऊक आहे, असं मला वाटतं:
हल्ली तो हाक मारतो ती
"धर" अशी नसते.

आज गोळा नेहमीच्या खुणेपलीकडे पडला.
फावडं घेऊन गेलो.
गोळा अर्धा चिखलात, थंडगार.
इतका वेळ गोल फिरल्याची
एकही खूण त्याच्यावर नव्हती.
मुठीला मात्र राळ होती, चिकट,
तिच्या हातमोज्याची.

मागे वळून पाहिलं.
इथून वर्तुळ दिसत नाही,
नुसता जाळीचा पिंजरा, आणि त्याच्याजवळ वाकलेला एक माणूस,
जमिनीवर काहीतरी आखतोय.

खड्डा भरला.
यावेळी माती थोडी कमी पडली.